वजनाच्या ऑपरेशननंतर प्रोटीनसाठी बदाम-शेंगदाणे: कितपत भागतं?

तिखटमीठ

नमस्कार मंडळी,

आरोग्य विभागातले जुने धागे चाळले, पण नेमकं हे कुठे सापडलं नाही म्हणून नवा धागा काढतेय. लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

होळीच्या आसपास माझं स्लीव्हचं ऑपरेशन झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते ती एक अरुंद नळी. वजन उतरतंय, शुगरची गोळी बंद झाली, मुलुंडच्या पुलाचा जिना चढताना धाप लागत नाही. त्या बाबतीत रडगाणं नाही. रडगाणं आहे ते प्रोटीनचं. दिवसाला किमान ६० ग्रॅम, जमल्यास ८०, असं सांगितलंय. खाल्लेलं लिहून ठेवायला लागले तर आकडा ४०-४५ च्या पुढे जायलाच तयार नाही. त्यात आता केस. कंगवा फिरवला की पुंजका हातात.

घरची परिस्थिती सांगते म्हणजे सल्ले देताना सोपं जाईल. आमच्याकडे अंडं घरात येत नाही. सासूबाईंचं देवघर स्वयंपाकघरातच आहे. मी बाहेर ऑम्लेट खाते हे त्यांना माहीत आहे. त्या विचारत नाहीत, मी सांगत नाही. मांस-मासे कधीच खाल्ले नाहीत आणि आता शिकायची इच्छा नाही. डाळ म्हणाल तर चार चमच्यांत पोट गच्च. प्रोटीन पावडर सकाळी घेतली की दुपारपर्यंत त्याच व्हॅनिलाचे ढेकर.

राहता राहिला सुका मेवा. तो घरात आहे, डब्यात नेता येतो, उपासाला चालतो, कोणी नाक मुरडत नाही. सासूबाई रोज सकाळी वाटीत भिजवलेले बदाम सोलून ठेवतात, 'हे खा, ताकद येईल' म्हणून. दवाखान्यातून मिळालेल्या छापील कागदावर शेवटच्या टप्प्यात 'मूठभर नट्स' एवढंच लिहिलंय. मूठ कोणाची? माझी, नवऱ्याची, की स्टेशनबाहेर चणे-दाणे विकणाऱ्या भैयाची?

तर प्रश्न असे. प्रोटीनचा मुख्य भार बदाम-शेंगदाण्यांवर टाकता येईल का? खायचे तर भिजवून की भाजून? आणि श्रावण सुरू झालाय, सोमवार मी सोडत नाही. त्या दिवशी काय करू?

रानमेवा

वाचतेय. बहिणीचं पुढच्या महिन्यात ठरलंय. ती आत्तापासूनच घाबरून पिस्ते जमवतेय.

खडूस_काका

आमच्या वेळी असली ऑपरेशनं नव्हती. दोन घास कमी खा, सकाळी शिवाजी पार्कला चार फेऱ्या मारा. आधी पोट कापायचं आणि मग खायला काय म्हणून विचारायचं, हे अजबच.

चाळकरी

काका, धागा 'ऑपरेशन करावं का' असा नाहीये. तरी एक सांगतो. स्लीव्हमध्ये जठराचा जो वरचा फुगीर भाग काढतात, तिथेच भूक पेटवणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) मुख्यत्वे तयार होतं. म्हणजे नुसती पिशवी लहान होत नाही, भुकेचा संदेशच मंदावतो. जन्मभर त्या संदेशाशी झगडलेल्या माणसाला 'दोन घास कमी खा' सांगणं फुकट आहे. २०२२ मध्ये अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय सर्जन संघटनांनी मिळून जे निकष सुधारले, त्यांत आपल्यासारख्या आशियाई लोकांना बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा) २७.५ पासूनच हा पर्याय द्यावा असं म्हटलंय. मौज म्हणून कोणी टेबलावर झोपत नाही.

आता मूळ मुद्दा. तिखटमीठ, तुमच्या पोटात आता मुंबईतली वन आरके आहे. चौरस फुटाला भाव लागणार. भाडेकरू निवडताना तो गोड बोलतो की नाही हे नंतर. किती जागा अडवतो आणि भाडं किती देतो ते आधी बघायचं. बदाम जागा कमी अडवतो हे खरं, पण भाडं प्रोटीनमध्ये देत नाही, तेलात देतो.

(माझंही स्लीव्ह. बरीच वर्षं झाली.)

पोटपूजा

मी आहारतज्ज्ञ आहे, असे पेशंट रोजच्या रोज बघते. खाली लिहितेय ते सर्वसाधारण आहे, तुमच्या टीमने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

चाळकरींचं भाडं आकड्यांत मांडते. १०० ग्रॅम बदामात प्रोटीन साधारण २० ग्रॅम, आणि फॅट ५० ग्रॅमच्या आसपास. शेंगदाण्यात प्रोटीन २४-२५, फॅट जवळपास तेवढंच. काजूत प्रोटीन १८, अक्रोडात १५. म्हणजे अक्रोड तर सरळ तेलबीच समजा, चांगल्या तेलाची. 'बदाम म्हणजे प्रोटीन' हे आपल्याकडे इतकं घट्ट बसलंय की माझ्यासमोर खुर्चीत बसलेला माणूस रोजचे दहा बदाम अभिमानाने सांगतो. दहा बदाम म्हणजे जेमतेम १२ ग्रॅम. त्यात प्रोटीन अडीच ग्रॅम. एका अंड्यात सहा असतं.

आता समजा एका बैठकीत नाही, दिवसभरात मिळून २० ग्रॅम प्रोटीन कमवायचंय. बदामांतून कमवायचं तर १०० ग्रॅम लागतील, म्हणजे ऐंशीच्या वर दाणे, कॅलरी ५८०. शेंगदाणे ८० ग्रॅम, कॅलरी साडेचारशे. फुटाणे १०० ग्रॅम, पावणेचारशे. पनीर १०० ते ११० ग्रॅम, ३०० च्या घरात. अंडी तीन, सव्वादोनशेच्या आत. सोया चंक्स कोरडे वजन करून ४० ग्रॅम, कॅलरी १४० च्या आसपास. व्हेचा (दुधापासून केलेल्या प्रोटीन पावडरचा) एक स्कूप, सव्वाशेच्या आत. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांचा दिवसाचा सगळा आहारच हजार कॅलरींच्या आगेमागे असतो. त्यातल्या ५८० बदामांना दिल्या तर उरलेल्या ४० ग्रॅम प्रोटीनला जागा कुठून आणणार?

दुसरं, प्रतीचं. बदाम-शेंगदाण्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं. दूध, अंडी, डाळी, सोया यांत ते भरपूर. शेंगदाणा खरं तर डाळींच्याच कुळातला, शेंगेत येणारा. पण डाळ आपली शिदोरी पिठाच्या रूपात साठवते, हा तेलाच्या रूपात साठवतो. म्हणून वागणूक मेव्यासारखी.

याचा अर्थ सुका मेवा वाईट असा बिलकुल घेऊ नका. ई जीवनसत्त्व, मॅग्नेशियम, चांगली स्निग्धं, सगळं आहे. पण त्याचं काम वरून भुरभुरण्याचं. २०-२५ ग्रॅमच्या पुढे दिवसाला नको, आणि ते वजनकाट्यावर मोजून. 'मूठभर' लिहिणाऱ्याने पेशंटचा हात पाहिलेला नसतो. काटा पाचएकशे रुपयांत मिळतो, घेऊन टाका.

केव्हा आणि कसे: आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, मग नेहमीचं, या क्रमात अख्खे कडक दाणे सगळ्यात शेवटी येतात. बहुतेक टीम दोन-तीन महिन्यांनंतर परवानगी देतात, काही आणखी उशिरा. कूट किंवा गुळगुळीत पेस्ट त्याआधी चालते. तुम्हाला आता खायला हरकत नसावी, पण तोंडात पूर्ण लगदा होईपर्यंत चावून. भिजवल्याने प्रोटीन वाढत नाही, फक्त दाणा मऊ होतो आणि साल सुटते. बाजारात मिळणारं बदामाचं दूध प्रोटीनसाठी घेऊ नका, बहुतेकांच्या ग्लासभरात एखाद-दुसरा ग्रॅम असतो. गायी-म्हशीच्या दुधात त्याच ग्लासला सहा-सात.

केसांचं: झपाट्याने वजन उतरलं की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतातच, मुळं मेलेली नसतात, बहुतेकांचे परत येतात. पण प्रोटीन, लोह, झिंक कमी असेल तर गळती लांबते. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. बदाम वाढवून केस थांबत नाहीत.

रानमेवा

बाप रे. दहा बदामांत अडीच ग्रॅम? बहिणीला स्क्रीनशॉट पाठवला.

दुसरी_इनिंग

पोटपूजा ताईंनी एक गोष्ट लिहिली नाही ती लिहितो, कारण मला कोणी वेळेवर सांगितली नव्हती.

माझं स्लीव्ह नाही, बायपास (हृदयाचं नव्हे, वजनाचंच: जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात). बीकेसीत बसायचं काम. दिवाळीत ऑफिसात ड्रायफ्रूटचे डबे येतात, ते कोणी खात नाही, माझ्या खणात जमा व्हायचे. मिठाई बंद, वडापाव बंद, म्हणून चार वाजता काजू-बदाम. डिस्चार्जच्या कागदावर 'नट्स चालतील' असंच होतं. मग एका रात्री पाठीतून असं काही कळ आली की बायकोने शेजाऱ्यांना उठवलं. मूतखडा. नंतर चोवीस तासांची लघवी मोठ्या कॅनमध्ये गोळा करून तपासायला दिली. तो कॅन घेऊन उबरमध्ये बसण्याचा प्रसंग मी शत्रूवर आणू इच्छित नाही. ऑक्सलेट (काही खाण्यांतून येणारा, खडा धरणारा घटक) भरमसाट निघालं.

किडनीच्या डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं. एरवी जेवणातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्सलेटला पकडतं आणि दोघं शौचावाटे बाहेर जातात. बायपासनंतर न पचलेली चरबी आतड्यात जास्त राहते, ती कॅल्शियमला स्वतःच धरून बसते, ऑक्सलेट मोकळं सुटतं, रक्तात शिरतं आणि किडनीत जाऊन खडा धरतं. बदाम, काजू, शेंगदाणे, पालक, बीट यांत ऑक्सलेट जास्त. स्लीव्हमध्ये हा धोका बायपासपेक्षा कमी असतो असं ते म्हणाले, पण ज्यांना आधी कधी खडा झालाय त्यांनी सर्जनला आवर्जून सांगावं.

मला बदाम-काजू जवळपास बंद केले, पाणी दोन-अडीच लिटर, आणि कॅल्शियम सायट्रेट जेवणाबरोबर. ते जेवणाबरोबर घेण्यामागे हेच कारण आहे, ऑक्सलेटला तिथल्या तिथे गाठायचं. बाय द वे, कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

पोटपूजा

दुसरी_इनिंग, धन्यवाद, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. एक भर: 'पालक-बदाम स्मूदी' नावाचं जे आरोग्यदायी पेय सध्या सगळीकडे दिसतं, ते बायपासवाल्यांनी रोज घेणं म्हणजे खड्याला आमंत्रण. एकदम दोन्ही.

डबल_फास्ट

मी कल्याणहून रोज सीएसएमटीला येते. ऑपरेशननंतर ट्रेनमध्ये खारे दाणे ही एकच चैन उरली होती. पुडी, चणे अर्धे, दाणे अर्धे. गोडही नाही, तळकटही नाही, आणि गर्दीत हाताला चाळा.

एकदा घाटकोपर यायच्या आत छातीच्या मध्यभागी काहीतरी अडकल्यासारखं झालं. दुखणं म्हणावं तर दुखणं नाही, पण खाली जाईना आणि वर येईना. तोंडात पांढरा फेसाळ लाळेचा लोट सुरू झाला. मी बाजूच्या काकूंकडून पाणी घेऊन प्यायले, त्याने आणखी दाटलं. घाटकोपरला उतरून प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभी राहिले, फेस थुंकत. पाऊण तासाने सुटलं. नंतर दवाखान्यात सांगितलं तर ताई हसून म्हणाल्या, नीट न चावलेला दाणा बसला असणार, यातून बरेच जण जातात. पण हेही बजावलं की घोटभर पाणीसुद्धा पोटात राहत नसेल, किंवा हे वारंवार होत असेल, तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

धक्के खात उभं राहून वीस-पंचवीस वेळा चावणं जमत नाही हो. लक्ष आपलं दरवाजाकडे. आता ट्रेनमध्ये काहीच खात नाही. ऑफिसात पोचून, बसून.

चाळकरी

डबल_फास्ट यांच्या पुडीबद्दल अजून एक. अडकणं हा एक धोका, पण न अडकता सरसर उतरणं हा दुसरा. एक वाटी पनीर खाल्लं की माझं पोट स्वतःच 'बास' म्हणतं. खारे दाणे मात्र एकेक करून खाल्ले तर तासाभरात १०० ग्रॅम संपतात आणि पोट हूं की चूं करत नाही. ऑपरेशन दोन-तीन वर्षांचं जुनं झालं की वजन परत चढतं ते बऱ्याचदा अशा चरण्यातून. जेवण कमीच असतं, माणूस शपथेवर सांगतो की मी काही खात नाही, आणि खिशात पुडी असते. टीव्हीसमोरची पिस्त्यांची वाटी हाच प्रकार. सालासकट पिस्ते आणा निदान, सोलायला वेळ लागतो आणि टरफलांचा ढीग समोर दिसतो.

कोळीवाडा

मी म्हणतो कशाला एवढा उपद्व्याप? बांगडा, १०० ग्रॅम मासळीत १९-२० ग्रॅम प्रोटीन. मऊ, काटा काढला की लहान मूल खाईल. कोलंबीही तशीच. नाहीतर सुकट भाजून कूट करून ठेवा, चमचा चमचा भातावर...

तिखटमीठ

कोळीवाडा दादा, तुमचा जीव त्यात आहे हे समजतंय, पण अंडं ज्या घरात येत नाही तिथे सुकट भाजली तर पहिल्या मजल्यापासून सोसायटीचे सेक्रेटरी वर येतील. :)

सगळ्यांचे आभार. पोटपूजा, तुमचे आकडे मी फ्रीजवर लावले. सासूबाईंनी चष्मा लावून वाचले आणि 'आमच्या आईने सांगितलं ते काय खोटं?' म्हणाल्या. मी म्हटलं खोटं नाही, तुम्ही बदाम देताय ते चालूच ठेवा, पाच द्या. आठवरून पाचवर आलो, तहात एवढं पदरात पडलं.

दुसरी_इनिंग, मला खडा कधी नव्हता, पण वडिलांना होता. पुढच्या भेटीत सांगते.

आता उरला सोमवार. दिवसभर उपास, रात्री सोडायचा. मागच्या सोमवारी साबुदाण्याची खिचडी अर्धी वाटी खाल्ली तर ती तासभर छातीवर बसून होती, आणि हिशेब केला तर दिवसभराचं प्रोटीन २० च्या खाली.

पोटपूजा

साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. प्रोटीन नाहीच म्हणा, खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. शिवाय चिकट, नळीतून उतरायला जड. हा पदार्थ तुमच्या आयुष्यातून गेला असं समजा, निदान वर्षभर तरी. आणि रिकाम्या पोटी दिवस काढणं या टप्प्यावर मला मान्य नाही. उपास 'फराळाचा' करा, दर तीन तासांनी काहीतरी.

आजीचा_डबा

अगदी. आणि फराळात प्रोटीन नाही हे कोणी सांगितलं? दूध, ताक, दही, चक्का, पनीर, राजगिरा, शेंगदाणे, सगळं चालतं. आपण मात्र साबुदाणा, बटाटा आणि रताळं याच्यापलीकडे जात नाही.

आमच्याकडे यजमानांचं ऑपरेशन झाल्यापासून मी खिचडी पनीरची करते. चक्क. कढल्यात चमचाभर साजूक तूप, जिरं, हिरव्या मिरचीचे मोठे तुकडे (म्हणजे काढून टाकता येतात). घरचं ताजं पनीर हाताने कुस्करून घ्यायचं, किसायचं नाही, किसलं की त्याची चिकट गोळी होते. ८० ग्रॅम पनीर. मिनिटभर परतून त्यावर दाण्याचं कूट दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम, मीठ, लिंबू. गॅस लगेच बंद, नाहीतर पनीर रबरासारखं होतं. खिचडीची चव येते ती साबुदाण्याने नाहीच मुळी, जिरं-मिरची-कूट या तिघांनी येते. एवढ्यात १७-१८ ग्रॅम प्रोटीन होतं, मी लेकीकडून मोजून घेतलंय.

कूट कसं हवं तेही सांगते. दाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, गार झाल्यावर सालं पाखडून टाकायची, सालांनी घशाशी खरखरतं. मिक्सर थांबून थांबून फिरवायचा. एकदम फिरवला की तेल सुटून गोळा होतो. खिचडीला जरा भरड ठेवतो तसं नको, बारीक हवं. दाण्याची आमटीही चालेल, पण ती पातळ करताना ताक घाला, पाणी नको. तेवढंच आणखी प्रोटीन. आणि गूळ टाकू नका. गोडाने घाम, धडधड, पोटात मुरडा असं यजमानांना होतं, डंपिंग म्हणतात ना ते. चिक्की आणि दाण्याचा लाडू त्याच कारणाने बाद. बायपासवाल्यांना हे जास्त होतं म्हणे.

रानमेवा

भाबडा प्रश्न: व्हे पावडर उपासाला चालते का?

आजीचा_डबा

न चालायला काय झालं? दूध फाडल्यावर जी निवळी उरते तिचीच ती पावडर. डब्यावर मात्र वाचा, काहींत सोया किंवा चवीसाठी भलतंसलतं असतं.

खडूस_काका

मग घरी पनीर केल्यावरचं पाणी प्यावं की. फुकटात.

पोटपूजा

काका, पाणी टाकू नका, कणकेत वापरा, पण त्यात प्रोटीन अगदी थोडं असतं. आपण दूध तापवून लिंबू पिळतो तेव्हा व्हेतलंही बरंचसं प्रोटीन पनीरबरोबर बांधलं जातं. पावडर कारखान्यात गाळून, आटवून करतात म्हणून तिच्यात दाटलेलं असतं.

तिखटमीठ, व्हॅनिलाच्या ढेकरांवर उपाय: बिनचवीची, आयसोलेट प्रकारातली घ्या. त्यात दुधातली साखर फारच कमी असते, गॅस कमी होतो. ती पाण्यात ढवळून पिऊ नका, ताकात घाला, वर जिरेपूड आणि सैंधव. गरम काही नको, गुठळ्या होतात.

चाळकरी

ताकातली व्हे: +१. कोणी सांगितलं नाही तर कळतही नाही.

वाशी_मार्केट

या धंद्यातला आहे म्हणून फक्त दाण्यांबद्दल. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत शेंगदाणा पटकन बुरशी धरतो. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृताला वाईट आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. श्रावणात लोक दोन-दोन किलो भरून ठेवतात, तसं करू नका. पाव किलो आणा, फ्रीजमध्ये बंद बरणीत ठेवा. सुरकुतलेला, काळपट, आतून पिवळा पडलेला दाणा निवडून टाका, आणि चावल्यावर कडू लागला तर गिळू नका, थुंका. दाणा चव चांगली सांगतो. तयार कूट सुटं मिळतं तेही घेऊ नका, त्यात काय दळलंय ते कोणालाच दिसत नाही.

पीनट बटर घेणार असाल तर मागचं लेबल बघा. शेंगदाणे आणि फार तर मीठ, एवढंच हवं. साखर आणि पाम तेल असेल तर ठेवून द्या. दोन मोठे चमचे म्हणजे ७-८ ग्रॅम प्रोटीन आणि १९० कॅलरी, त्यामुळे बरणीत चमचा घालून उभ्याने खायचं नाही. हल्ली तेल काढलेल्या दाण्यांची पावडर येते, तिच्यात १०० ग्रॅमला ५० ग्रॅमपर्यंत प्रोटीन असतं, चटणीत छान मिसळते. महाग आहे. आणि गुरांची पेंड ती हीच असं समजून कोणी पेंड आणू नका, असं विचारणारं गिऱ्हाईक मला खरंच भेटलंय.

कोळीवाडा

पेंडीवर हसून मेलो.

तिखटमीठ

कालचा सोमवार पनीरच्या खिचडीवर काढला. सासूबाईंनी आधी 'हा कसला उपास' म्हटलं, मग एक चमचा चाखला, मग 'मला पण ठेव' म्हटलं. सकाळी ताकात व्हे, दुपारी खिचडी, चारला चक्का, रात्री सोडताना मऊ मुगाची डाळ आणि पनीर. लिहून काढलं तर ६२. त्यात पाच बदाम आणि दोन चमचे कूट मिळून चार ग्रॅमसुद्धा नाहीत.

एकच शंका. इतर दिवशी डब्यात सोया चंक्स न्यायचे म्हणतेय, पण ते रबरासारखे लागतात आणि चावून चावून जबडा दुखतो. काय करता?

चाळकरी

चंक्स आणू नका, ग्रॅन्युल्स आणा, चुऱ्यासारखे असतात. गरम पाण्यात दहा मिनिटं, मग घट्ट पिळून दोनदा पाणी बदला, वास जातो. त्याचा खिमा करा, टोमॅटो जास्त, तेल एक चमचा. कोरडा ठेवला तर अडकेल, तेव्हा रस्सा हवा. कोरडे ३० ग्रॅम एका वेळेला पुरतात, तुम्हाला कदाचित २० च. पोळी बरोबर नेऊ नका, आधी खिमा संपवा.

आजीचा_डबा

त्यात शेवटी चमचाभर कूट आणि गोडा मसाला घातला तर तो खिमा न लागता आपली भरल्या वांग्याची भाजी लागते. सासूबाईंसमोर तेच नाव सांगा.